मुलुंडच्या डोंगरावरचा शनी

आमच्या स्वयंपाकघरात आठ महिने काच घासली जात होती. नुसती घासली जात होती, फुटत नव्हती, हे माझं दुर्दैव.

भांडुपला चाळीत आमच्या दोन खोल्या. त्यात मी नलिनी, माझ्या सासूबाई जानकीबाई आणि माझे मिस्टर नंदकुमार. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी इथे घेणार आहे, कारण या सगळ्यात चूक त्यांची आहे आणि ती कुणाची ते नीट कळायला हवं.

नंदकुमार एका कारखान्यात फिटर. चार वर्षांच्या संसारात त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. दूधवाल्याने दुधात पाणी घातलं तरी म्हणणार, "असू दे, उन्हाळा आहे." असा माणूस त्र्याऐंशीच्या राखीपौर्णिमेनंतर एक दिवस दोन जाड काचेच्या चकत्या घेऊन घरी आला आणि म्हणाला, "दुर्बीण करायची आहे." विकत आणायची नाही, करायची. झालं! माझ्या स्वयंपाकघरात मधोमध एक रिकामं पिंप उभं राहिलं. त्यावर एक काच चिकटवायची, तिच्यावर दुसरी ठेवायची, मध्ये खरखरीत ओली पावडर, आणि वरची काच पुढेमागे घासत पिंपाभोवती फिरत राहायचं. घासून घासून ती खोलगट होते आणि मग तिचा दुर्बिणीचा आरसा बनतो म्हणे.

जोडीला शेजारचे अंबादासभाऊ. हे मूळचे जालन्याकडचे, छापखान्यात मशीनवर कामाला, डोक्याने हुशार आणि तोंडाने फटकळ. पाळी संपली की दोघं पिंपाभोवती फिरायला लागायचे, एक थकला की दुसरा. सासूबाई मालवणच्या. त्या उंबऱ्यात बसून बघायच्या आणि म्हणायच्या, "देवाक कधी एक प्रदक्षिणा घालूक नाय, आनि पिंपाक बगा!"

मी भाकऱ्या थापायला बसले की या दोघांच्या पायांतून परात वाचवायची. मिठात पावडर, डाळीत पावडर. शेवटी आरशावर कुठूनतरी चांदीचा मुलामा चढवून आणला आणि मग तर विचारूच नका. त्याला बोट लावायचं नाही, फुंकर मारायची नाही, त्याच्यासमोर शिंकायचं नाही. माझ्या लग्नातल्या शालूची कुणी एवढी बडदास्त ठेवली नव्हती. मग पत्र्याची एक लांब नळी आली. तळाशी आरसा, वरचं तोंड उघडं, आणि वरच्या टोकाशी बाजूने डोळा लावायचं भिंग. उभी केली की हुबेहूब अंघोळीचा बंब.

हे सगळं मी सहन करत होते. पण सात एप्रिलला माझं पत्र आलं.

दोन वर्षांपूर्वी टेलिफोन ऑपरेटरची परीक्षा दिली होती, मी विसरूनसुद्धा गेले होते. घाटकोपरला दोन मे रोजी सकाळी हजर व्हावे, न आल्यास जागा पुढच्या उमेदवाराला, असं पत्रात लिहिलं होतं. मी ते नऊ वेळा वाचलं. दिवसभर बोलायचं आणि वर त्याचा पगार! मी त्यासाठीच जन्माला आले होते.

मी लगेच सासूबाईंना सांगायला निघाले, तर नंदकुमारांनी माझा हात धरला. म्हणाले, "तू नको. तू बोललीस की भांडणच होतं. आईला मी विचारतो. तोवर एक शब्द काढायचा नाही, शपथ आहे." मला माझं तोंड माहीत आहे, त्यामुळे मीही ऐकलं. पत्र देवाच्या फोटोमागे खोचलं आणि वाट बघत बसले.

तिसऱ्या दिवशी नंदकुमार गंभीर चेहरा करून म्हणाले, "आईच्या डोक्यात तुझी साडेसाती आहे."

आता आली का पंचाईत! माझी तूळ रास, आणि शनी तेव्हा तुळेतच ठाण मांडून बसलेला. साडेसातीत नवं काही सुरू करायचं नाही, असं आमच्याकडे मानतात, आणि माझी सुटायला अजून साडेतीन वर्षं होती. तोवर घाटकोपरची जागा माझ्यासाठी कोण राखून ठेवणार?

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"मी आईला शनीच दाखवतो. आपली दुर्बीण तयारच आहे. एकदा डोळ्यांनी बघितला की भीती जाईल. कडं घातलेला गोळा आहे तो, दुसरं काही नाही."

"अहो, त्यापेक्षा आईंशी दोन शब्द नीट बोला ना!"

"बोलून पटत नाही गं. बघून पटतं."

मी गप्प बसले. म्हणजे तोंडाने गप्प बसले, भांड्यांनी बोलत राहिले. तीन आठवडे आमच्या घरात एक पातेलं सरळ खाली ठेवलं गेलं नाही. सासूबाई माझ्याकडे बघायच्या, मग लेकाकडे बघायच्या आणि सुपारी कातरत बसायच्या. मला वाटायचं, बघतात कशा, जणू काही यांनी केलंच नाही.

शनिवार, अठ्ठावीस एप्रिल ठरला. अमावास्या तीन दिवसांवर, म्हणजे चंद्र नाही, आणि शनी रात्री नऊ-साडेनऊला चांगला वर येणार. मुलुंडच्या मागच्या डोंगरावर चढून जायचं, रात्री आकाशदर्शन करायचं आणि सकाळी उतरायचं. अंबादासभाऊंनी चाळीच्या फळ्यावर खडूने तसं लिहिलं. त्याखाली आमचे सेक्रेटरी दत्तारामकाका उभे राहिले आणि ओरडायला लागले, "शनिवारी? अमावास्येच्या तोंडावर? आणि बघायला कोण, तर शनी! चाळीची वाट लावणार काय रे तुम्ही?" मग खडू घेऊन त्यांनी पहिलं नाव स्वतःचं लिहिलं. सेक्रेटरी म्हणून लक्ष ठेवायला जावं लागतं, असं म्हणाले.

एकूण एकवीस माणसं निघाली. दुर्बिणीच्या नळीला आमची जुनी सतरंजी गुंडाळली आणि तिला दोन पुरुषांनी खांदा दिला. आरसा नंदकुमारांनी स्वतः छातीशी धरला होता. बसमध्ये कंडक्टरने विचारलं, "बंब कुठे नेताय?" अंबादासभाऊ म्हणाले, "डोंगरावर. शनीला अंघोळ घालायची आहे." कंडक्टरने बंबाचंही तिकीट फाडलं.

निघताना सासूबाईंनी खोकल्याच्या औषधाची एक जुनी बाटली तेलाने भरून कमरेला खोचली होती. तिळाचं तेल. मी म्हटलं, गुडघ्यांना लावायला घेतलं असेल. गुडघे त्यांचे पावसाळ्यात सुद्धा बोलतात, आणि ही तर चढण. मला जरा बरंही वाटलं. मनात म्हटलं, एवढं दुखत असून येतायत, म्हणजे बघायची इच्छा आहे.

डोंगराच्या पायथ्याशी दत्तारामकाकांनी सगळ्यांना थांबवलं. गाऱ्हाणं घातल्याशिवाय रानात पाय ठेवायचा नाही. नारळ पुढे ठेवला, टोपी सरळ केली आणि सुरू झाले, "बा डोंगराच्या राखणदारा म्हाराजा! ही भांडुपची लेकरां आज तुज्या दारात इली हत म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो, "होय म्हाराजा!" "तेंच्या पायात काटो जावचो नाय, पायाखाली जनावर येवचा नाय, असा कर म्हाराजा!" "होय म्हाराजा!" अंबादासभाऊ हात मागे बांधून उभे होते. ते असलं काही मानत नाहीत. पण काकांनी "आनि ह्या दुर्बिणीक खरचटा नको म्हाराजा" म्हटलं, तेव्हा सगळ्यांत मोठा "होय म्हाराजा" त्यांचाच होता.

मग चढण. करवंदाच्या जाळ्या, तापलेला कातळ आणि डोक्यावर पिठलं-भाकरीचे डबे. वाटेत सासूबाई तीनदा बसल्या. तिन्ही वेळा मी म्हटलं, "आई, द्या ती बाटली, चोळून देते." तिन्ही वेळा त्यांनी कमरेवर हात दाबून धरला, "ऱ्हवांदे गो, मगे." मला राग आला. गुडघा दुखतोय आता आणि तेल लावायचं मगे! पण शपथ होती, त्यामुळे मी तोही राग गिळला.

दिवेलागणीला वरच्या सपाट कातळावर पोचलो. जेवणं झाली. खाली मुलुंडचे, भांडुपचे दिवे लागले आणि वर काय सांगू, वर असं आभाळ मी लग्न झाल्यापासून बघितलं नव्हतं. चाळीत वर बघितलं की वरच्या मजल्यावरची ओली लुगडी दिसतात. क्षणभर मी नोकरी विसरले. लगेच आठवली. रविवार, सोमवार, मंगळवार, आणि बुधवारी दोन तारीख.

नंदकुमारांनी हात तीनदा धुऊन, पुसून आरसा नळीत बसवला. काळोखाला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून अंबादासभाऊंनी बॅटरीवर लाल जिलेटिनचा कागद बांधला होता, तेवढ्याच उजेडात दोघं खुटखुट करत होते. शेवटी अंबादासभाऊ म्हणाले, "आला रे! कड्यासकट आला!" आणि त्या काळोखात या दोन बाप्यांनी एकमेकांना मिठी मारली. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला त्या काचेचा राग आला नाही.

रांग लागली. दत्तारामकाका पुढे. त्यांनी डावा डोळा हाताने झाकला, उजवा घट्ट मिटला, मारुतीचं नाव घेतलं आणि भिंगाला तोंड लावलं.

"काय दिसतंय काका?"

"काय नाय. फसवणूक आहे सगळी."

"डोळा उघडा की!" अंबादासभाऊ ओरडले.

काकांनी डोळा उघडला. "आयला!" म्हणाले, आणि बाजूला होऊन गुपचूप रांगेच्या शेवटी परत उभे राहिले.

मग सासूबाईंची पाळी. नंदकुमारांनी त्यांच्या खांद्याला धरून भिंग दाखवलं. सासूबाईंनी डोळा लावला आणि लावूनच ठेवला.

"दिसलो, आये?"

"दिसलो रे. केवढोसो आसा! आनि हेका सगळे भियतत?"

नंदकुमारांनी माझ्याकडे बघितलं. लाल उजेडात त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. मलाही वाटलं, जिंकलं! उगाच बोलले मी या माणसाला. गरीब आहे पण डोकं चालतं. आता बुधवारी कुठली साडी नेसायची, इथपर्यंत मी पोचले.

"वायच सर बाजूक," सासूबाई म्हणाल्या.

नंदकुमार सरले. सासूबाई भिंगापासून उठून नळीच्या उघड्या तोंडाशी गेल्या. हात जोडले, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटल्या. मग कमरेची बाटली काढली आणि बूच उघडलं. माझ्या मनात आलं, अगंबाई, गुडघा तिथे कुठे आहे? तेवढ्यात त्यांनी सबंध बाटली नळीच्या तोंडात उपडी केली. तेल आतल्या पत्र्यावरून तळाशी गेलं, हे आम्हा सगळ्यांना नीट ऐकू आलं.

"आये!"

हा आवाज नंदकुमारांचा होता. मी ओळखलाच नाही. डोंगराच्या खालून कुत्री भुंकायला लागली. दत्तारामकाका दचकून एकटेच ओरडले, "होय म्हाराजा!"

"आये! ह्या काय केलंस गो! आठ म्हयने! आठ म्हयने घासलंय मी! काय केलंस ह्या!"

सासूबाई शांत. "शनिवार आसा. शनीक तेल घातलंय. देवळात दगडाक घालतंव, हय तर तो सोता इलेलो."

"तो हय नाय गो आये! तो थय वर आसा!"

"तू सांगलंस, नळीत शनी आसा. मी बगलंय तेका. आता नाय कसा म्हणतंस?"

अंबादासभाऊ कातळावर मटकन खाली बसले. मला वाटलं रडतायत, पण ते हसत होते. आणि नंदकुमार ओरडतच होते, काच, चांदी, आठ महिने, आठ महिने.

तेव्हा माझ्या डोक्यात जे झालं ते झालं. मी म्हटलं, "थांबा! आवाज आहे तर तुम्हाला! चांगला खणखणीत आवाज आहे! काचेसाठी निघतो, मग माझ्या नोकरीसाठी आईंसमोर तो कुठे गेला होता? आईंनी नको म्हटलं आणि तुम्ही शेपूट घालून परत आलात! तेव्हा एकदा असं ओरडला असतात, तर ही बाटली घरीच राहिली असती!"

शपथ मोडली होती. वीस माणसांसमोर मोडली होती, आणि मला रडू आलं. रागाचंच होतं ते, पण थांबेना.

"कोणी नको म्हटल्यान?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्ही! साडेसाती आहे म्हणून!"

"साडेसाती आसा तां मी म्हटलंय. तुजा दूध उतू गेला, तेवां म्हटलंय. नोकरी खय इली तेच्यात? माका नोकरीचा कोणी इचारूकच नाय!"

अंबादासभाऊंनी बॅटरी उचलली आणि लाल उजेड सरळ नंदकुमारांच्या तोंडावर मारला. "नंदू," ते म्हणाले, "बोल बाबा."

नंदकुमारांनी घसा साफ केला. त्यांचा आवाज पुन्हा दूधवाल्याशी बोलायचा तसा झाला. "मला वाटलं, आई नकोच म्हणेल. विचारलं आणि नको म्हणाली, तर मग सगळंच संपलं. न विचारता निदान..."

"निदान काय?" मी म्हटलं.

"निदान नको तरी म्हणत नाही."

तीन आठवडे! तीन आठवडे मी या बाईवर पातेली आपटली होती, आणि या बाईला कुणी काही विचारलंच नव्हतं. मला इतकी लाज वाटली की बॅटरी माझ्याकडे वळली असती, तर मी डोंगरावरून उडी मारली असती.

सासूबाई कातळावर बसल्या, रिकामी बाटली मांडीवर ठेवली. "फोटोमागचा कागद मी रोज बगतंय," त्या म्हणाल्या. "माका वाचूक येयत नाय. शेजारच्या विमलाकडसून वाचून घेतलंय. म्हटलंय, सून भांडी आपटता, झील पिंपाभवती फिरता, म्हणजे झिलाकच बायको कामाक धाडूची नाय. आनि माजो झील असो, की तेच्या तोंडातसून चार म्हयन्यात एक शब्द भायर येयत नाय. तेका समजावतलो कोण? म्हणान तेल हाडलंय. शनीक सांगलंय, देवा, माज्या झिलाचा तोंड उघड."

काळोखातून दत्तारामकाकांचा आवाज आला, "पावलो गो जानक्ये! लगेच पावलो!"

मग सगळे असे हसायला लागले, की खालची कुत्री परत सुरू झाली. मी हसत होते, रडत होते, आणि सासूबाईंचा पाय मांडीवर घेऊन बाटलीच्या तळाशी राहिलेलं थेंबभर तेल त्यांच्या गुडघ्याला चोळत होते.

"आता इचार," सासूबाई लेकाला म्हणाल्या.

"आता? इथे? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर माज्यार वरडलंस मा?"

नंदकुमार उभे राहिले. शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारखे हात बाजूला ताठ. "आये," ते मोठ्याने म्हणाले, "नलूक नोकरी लागली हा. दोन तारखेक जावचा आसा. जावंदे मा तिका?"

"माका कित्याक इचारतंस? तिका इचार, डब्यात काय होया तां. आनि तां करूक शीक. आठ म्हयने काच घासूक येता, तर भाकरेचा पीठ मळूक येयत नाय?"

"होय म्हाराजा!" सगळा डोंगर ओरडला.

शनी मी त्या रात्री बघितला, पण तेलातून. सासूबाईंनीच आग्रह केला, तुझाच शनी आणि तू बघितला नाहीस म्हणून. पिवळट, फुगलेला, मध्ये भोक असल्यासारखा, अगदी आमच्याकडच्या कोंबडीबरोबरच्या वड्यासारखा दिसला. मी झकास आहे म्हणून सांगितलं. आरसा पुढे अंबादासभाऊंनी साबणाच्या पाण्याने धुतला. चांदी एका बाजूने गेली, बाकीची वाचली.

दोन तारखेला सकाळी मी वेणी घालून स्वयंपाकघरात आले. डब्यात भेंडीची भाजी भरलेली होती. नंदकुमारांनी पिंपावर परात ठेवली होती आणि पीठ मळत मळत ते पिंपाभोवती फिरत होते. सवय झालेली. उंबऱ्यात सासूबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मी काही बोलले नाही, मला घाटकोपरला वेळेवर पोचायचं होतं.